विहीणबाईंचं इंग्रजी

१२ फेब्रुवारी

आली एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि तो आवाज.

दारातच मला मिठी मारली. "कशी आहेस, लुव्ह?" लव्ह नाही — लुव्ह! पहिलीच भेट आमची. मला वाटलं, चला, निदान प्रेमाने तरी बोलली. तेवढ्यात मागे वळून टॅक्सीवाल्याला म्हणाली, "बॅग इथेच ठेव, लुव्ह." लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते, तेही लुव्ह. मग माझं विशेष ते काय?

जावईबापूंच्या मातोश्री, थेट विलायतेच्या उत्तरेकडून. बबडीच्या लग्नाला आल्या नव्हत्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आता गुडघा बरा झाला. लेकाच्या एका खोलीत तिसऱ्या माणसाला पाय पसरायला जागा नाही, म्हणून मुक्काम आमच्याकडे. चांगले दोन महिने!

हे खूश. "बाई दिलखुलास आहे," म्हणतात. ह्यांना पोस्टमनसुद्धा दिलखुलास वाटतो.

१३ फेब्रुवारी

उभं आयुष्य बस चालवली म्हणे. बस नाही — "बुस". कपाला "कुप". सकाळी उठल्यापासून "कुप, कुप" चाललंय. कोंबडी पाळल्यासारखं वाटतं.

मी पोटासाठी उच्चार शिकवते. आमच्या ऑफिसात जगभरच्या इंग्रजी बोलणाऱ्यांचे फोन येतात — कुणाचं मशीन बंद पडलंय, कुणाचं पार्सल हरवलंय. ते फोन घेणाऱ्या पोरापोरींना मी तयार करते. कुठले लोक शब्द गिळतात, कुठले चावतात, कुठले नाकातून सोडतात. आणि आपण स्वतः कसं बोलायचं — स्वच्छ, सरळ, कुठल्याच गावचं नसलेलं. मी स्वतः तसंच बोलते. घासून घासून केलंय ते.

आणि माझ्याच स्वयंपाकघरात आता कुप!

१७ फेब्रुवारी

आज जरा मजा केली.

सकाळी विहीणबाईंनी विचारलं, "आज टी किती वाजता?" त्यांच्या भागात डिनर दुपारी असतं आणि टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. पोटभर. हे मी वर्गात शिकवते, मला ठाऊक नसेल? मी गोड हसून म्हटलं, "सहाला."

सहाला टेबलावर चहा ठेवला. आणि बशीत दोन बिस्किटं.

बसल्या. रुमाल मांडीवर घेतला. बशीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग पुन्हा बशीकडे. मी चहा ओतत राहिले. शेवटी बिस्किट बुडवून खाल्लं आणि म्हणाल्या, "छान आहे, लुव्ह."

हे दुकानातून आले. चष्म्यांचं दुकान, पण घरात मात्र ह्यांना सगळं न बघताच कळतं. चार अंडी उकडली, टोस्ट भाजले, तिच्यापुढे ठेवले. माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. मीही टाकली नाही.

२० फेब्रुवारी

तिनं ओळखलं! बिस्किटांचा बदला चालू झालाय.

मी म्हटलं, "बाथरूममध्ये गरम पाणी पाच मिनिटांनी येतं."

"काय म्हणालीस, लुव्ह?"

पुन्हा सांगितलं.

"माफ कर हं, पुन्हा एकदा?"

तिसऱ्यांदा सांगितलं. मी! जिच्याकडे लोक स्पष्ट बोलायला शिकायला येतात!

तेव्हा म्हणाली, "अच्छा, पाणी! तू बोलतेस ना, ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं. माणूस आपल्याशी बोलतंय असं पटकन लक्षातच येत नाही."

जावईबापू खाली मान घालून हसत होते. बबडीही! पोटची पोर!

२४ फेब्रुवारी

बबडीचा फोन. "आई, मी सहा व्हाइल ऑफिसातच आहे."

मी म्हटलं, काय म्हणालीस?

"सहापर्यंत गं."

सहापर्यंत हा शब्द असताना व्हाइल कशाला? "व्हाइल" म्हणजे "पर्यंत" — हे फक्त त्यांच्याकडचं खूळ. माझ्या पोरीला ती तीन वर्षांची असल्यापासून मी आरशासमोर उभं करून व्ही आणि डब्ल्यूमधला फरक शिकवला. आणि ही लग्नाला वर्ष झालं नाही तोवर बसवाल्यांची बोली बोलायला लागली!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "नवऱ्याबरोबर राहते, चार शब्द चिकटणारच. तुझे माझ्याकडे चिकटले नाहीत का?" कुठले चिकटले? काहीतरीच.

२७ फेब्रुवारी

बबडीला दिवस गेलेत.

आनंद झालाच. पण आधी विहीणबाईंना कळलं! दोघी भाजी आणायला गेल्या होत्या, तिथे बबडीला घेरी आली, तिथेच सांगून टाकलं म्हणे. घरी आल्यावर मला. विहीणबाई माझ्या आधी रडून मोकळ्या! माझ्या वाट्याला काय, तर शिळी बातमी.

आणि सारखं "अवर लास, अवर लास". म्हणजे आमची पोर. लेकाच्या नावाआधीही अवर, मांजराच्या नावाआधीही अवर, ती तिकडची रीत. ते ठीक. पण माझी मुलगी तुमची कधी झाली? नऊ महिने मी वागवली, गोवर मी काढला, तिच्या परीक्षांना घड्याळ लावून मी उठले. आणि दोन आठवड्यांत अवर!

भांडी जरा जोरात घासली.

४ मार्च

आज वर्ग असा रंगला की बस!

पोरं पेंगत होती. म्हटलं, आता तुम्हाला एक बाई दाखवते. पर्स स्टीअरिंगसारखी धरली, खुर्चीत बसले आणि विहीणबाई सुरू केल्या. "पुढे सरका, लुव्ह! दार बंद होणार नाही व्हाइल तुम्ही सरकता!" एक म्हातारी चढते, तिला सुटे पैसे सापडत नाहीत, आणि आमच्या विहीणबाई तिला पावसात उतरवतात — "पुढची बुस घे, लुव्ह!"

पोरं बाकांवरून पडायची बाकी होती. शेजारच्या वर्गातले दारात येऊन उभे. साहेबही हसले.

इतक्या दिवसांचं पित्त उतरलं. घरी येताना गुणगुणत होते.

९ मार्च

पुढच्या बाकावरच्या एका कार्ट्यानं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. इंटरनेटवर टाकलं. आता जो तो बघतोय.

वर त्या शहाण्यानं "मॅडमना मदत" म्हणून खाली माझ्या शनिवारच्या क्लासची जाहिरात चिकटवली — घरच्या फोन नंबरासकट! रागावले तर म्हणतो, "मॅडम, किती लोक बघतायत बघा तरी!"

लोक बघतायत, हाच तर घोटाळा आहे.

१० मार्च

बबडी आली. चप्पलही काढली नाही. आम्ही तिघं जेवत होतो — हे, मी, विहीणबाई. मोबाइल टेबलावर उभा केला आणि लावला तो व्हिडिओ. सगळा. मी म्हटलं, बंद कर. तिनं केला नाही. जावई भिंतीला टेकून उभे.

विहीणबाईंनी चष्मा लावून पाहिला. शेवटपर्यंत. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर ताट फेकतील. म्हणाल्या,

"ही मी नाही."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"हे नदीपलीकडचे लोक. ऐक — 'नो' म्हणताना तू तोंड गोल केलंस. ते तिकडे करतात. आम्ही नदीअलीकडचे, आम्ही असं तोंड करत नाही. आमच्यात कुणी असं बोललं तर आई थोबाडीत मारेल." आणि मग स्वतः म्हणून दाखवलं. आधी त्यांचं, मग आपलं. दोनदा.

खरंच वेगळं होतं! कसं सुटलं माझ्या कानातून? लाज वाटायला हवी होती ती राहिली बाजूला, मला त्याचाच राग आला. आणि बाई तरी काय साधी — नदीपलीकडच्यांबद्दल बोलताना नाक असं मुरडलं, की मी वर्गातसुद्धा इतकं मुरडत नाही!

मग चष्मा काढून घडी घालताना म्हणाल्या, "आणि म्हातारीला मी कधी उतरवलं नाही. कुणालाच नाही. सुटे नसले तरी."

हे उठून हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

बबडी म्हणाली, "आई, माझं मूल असंच बोलणार आहे. त्याचीही नक्कल करणार का तू?"

मी म्हटलं, "असं का बोलेल? मी आहे ना शिकवायला."

तिनं मोबाइल उचलला. "म्हणूनच," म्हणाली. एवढंच.

११ मार्च

विहीणबाईंनी बॅगा भरल्या. लेकाच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपणार, ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन. मी म्हटलं, राहा, असं काय करता. मनापासून म्हटलं की कसं, ते मलाच सांगता येणार नाही.

त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "काही नाही, लुव्ह."

आता ह्या लुव्हचं काय करायचं माणसानं?

३ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. त्या भागातून तक्रारी आल्यात. मोठं गिऱ्हाईक आहे म्हणे तिकडे. मी म्हटलं, तुम्हीही हसला होतात. म्हणाले, "मी हसलो ते आवाज न करता."

वर्ग काढून घेतला. आता मी एका कोपऱ्यात कानाला यंत्र लावून दिवसभर रेकॉर्ड झालेले फोन ऐकते आणि कुणाचं काय चुकलं ते टिपते. उच्चारवाली मॅडम — गेली!

८ एप्रिल

घरी फोन यायला लागलेत. त्यांच्याच बोलीत. बायका, पुरुष, सगळे. एक म्हणाला, "आमच्या आयांची टिंगल करतेस?" एकीनं नुसत्या शिव्या दिल्या, पण इतक्या गोड चालीत, की अर्धं वाक्य झाल्यावर कळलं शिव्या आहेत.

हे म्हणतात, घरचा फोन काढून टाकू. बबडी जन्मल्यापासून हाच नंबर आहे. मी का काढू? तो उच्चार ऐकला की ठेवते खाली. मामला खतम.

१९ मे

गेले. बबडी, जावई — कायमचे. जावयांचं लिफ्ट बसवायचं काम इथे संपलं, तिकडे मिळालं. बाळंतपण तिकडेच, विहीणबाईंकडे.

मी बबडीला म्हटलं होतं, तुझं बाळंतपण मी नाही तर कोण करणार? म्हणाली, "आई, मला बाळंतपणात भीत भीत बोलायचं नाहीये." माझ्यासमोर भीत बोलते ती? मी शिकवलं म्हणून तर तिला नोकरीत सगळे विचारतात! तोंडावर तसं म्हटलंही. नको होतं म्हणायला? का नको? खरं तेच म्हटलं.

विमानतळावर मला नमस्कार केला, ह्यांना मिठी मारली. फरक कळतो मला.

२ जुलै

बबडी ह्यांच्या मोबाइलवर फोन करते. रविवारी. हे बाल्कनीत जाऊन बोलतात. मी आत कपाट आवरते. तेच कपाट, दर रविवारी.

"तुझ्याशी बोलायचंय का विचारलं," हे म्हणतात. "काय म्हणाली?" "नंतर म्हणाली." नंतर तर नंतर. मला कुठे सवड आहे!

तब्येत बरी आहे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा सांगितलाय.

२८ जुलै

दिवसभर त्याच भागातले फोन ऐकते ऑफिसात. मुद्दाम माझ्याच गळ्यात मारतात. पण एक झालं — आता नदीअलीकडचे आणि पलीकडचे मला झोपेतही वेगळे काढता येतील. विहीणबाई म्हणाल्या ते अगदी बरोबर. त्याचाही रागच येतो.

१६ ऑगस्ट

पुन्हा शिवीगाळीचा फोन. व्हिडिओ कुणीतरी उकरून काढलेला दिसतोय. ह्यांना न सांगता मी एक उत्तर तयार केलंय. त्यांच्याच बोलीत, ठसक्यात. वर्ग नाही उरला तर नाही, कला कुठे जाते? आता येऊ दे कुणाचा.

१९ सप्टेंबर

आज सापडली एक!

हे दुकानात. मी सुट्टी घेऊन घरी. दुपारी फोन वाजला. उचलला तर मागे गलका, ट्रॉली सरकल्याचा आवाज, आणि एक बाई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय — "थांब ना, लुव्ह, लागला बहुतेक." माझ्या कानात एकदम घंटाच वाजली. नदीअलीकडची! अस्सल! विहीणबाईंच्या गल्लीतलीच असणार. दिला ठेवून.

लगेच पुन्हा. पुन्हा तीच, धापा टाकतेय, बाजूला कुणाला तरी म्हणतेय, "व्हाइल ती उचलते..." घोळका जमवून फोन करतात, लाज नाही! तोही ठेवला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी "हॅलो"ची वाटच पाहिली नाही. उचलला आणि तयार करून ठेवलेलं सगळं सोडलं. त्यांच्याच चालीत, तोंड अजिबात गोल न करता. "काय गं, लुव्ह, तुला दुसरा उद्योग नाही का? तुझ्या आईनं तुला धड बोलायला शिकवलं नाही, तो माझा दोष? तोंड धुऊन ये आणि मरेस्तोवर फोन करू नकोस!"

पलीकडे एकदम चिडीचूप. गलकासुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग तिनंच ठेवला.

पुन्हा वाजला नाही. जिरली! चहा करून घेतला मस्त.

२० सप्टेंबर

जावयांचा ह्यांना फोन. मुलगी झाली. दिवसांआधीच, पण दोघी सुखरूप.

काल बबडीचा मोबाइल घरीच राहिला होता म्हणे, घाईत. वॉर्डातला फोन मागून घेतला. जावई अजून पोचले नव्हते. कळा सुरू झाल्यावर तिला माझ्याशी बोलायचं होतं. घरचा नंबर तेवढा पाठ होता.

तीनदा लावला.

हे पेढ्यांऐवजी तूर्त साखरच वाटीत घेऊन उभे आहेत. विचारतायत — "लागला होता म्हणे तिचा. काय बोललीस गं?"